नदीकाठी दिलेला शब्द

लीड्स, १९ जुलै

प्रिय तनू,

दोन गणपती तुझ्याविना गेले, तिसरा तोंडावर आलाय. केंब्रिजहून इकडे ट्रेन येतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा लॅबचं कारण सांगू नकोस. बाबा बरे आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण शनिवारची मराठी शाळा मी सोडलेली नाही.

या टर्मला शाळेत लोरेन नावाच्या बाई आल्या होत्या. कॅनडातल्या, तिथल्या मूळच्या हौडेनोसौनी लोकांपैकी. मण्यांचं काम करतात आणि मुलांना पाणी सांभाळायला शिकवतात. आम्ही सगळे नदीवर गेलो. त्यांच्यात आधी आभार मानतात, पाण्याचे, माशांचे, झाडांचे, एकेकाचं नाव घेऊन. चांगली पंधरा मिनिटं! आपली कार्टी चक्क गप्प उभी. आणि मी काय करावं? आभार संपले तशी पिशवीतून आठवड्याचं निर्माल्य काढलं आणि दिलं नदीत भिरकावून, दोऱ्यासकट. अगं, हात सवयीनेच गेला! लोरेन मुलांना घेऊन काठीने हार बाहेर ओढत बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग शाळेत जांभळ्या-पांढऱ्या मण्यांचा पट्टा विणला. त्यांच्या जुन्या पट्ट्यांत करार विणलेले असतात. त्यांची नक्कल नको, तुमचा तुम्ही विणा, असं त्यांनी बजावलं. तो हातात धरून सगळ्यांदेखत नदीला शब्द द्यायचा. सात वर्षांची अन्वी म्हणाली, मी नदीत रंग टाकणार नाही, आणि पट्टा माझ्या हातात ठेवला. मला तूच आठवलीस. प्लास्टरची मूर्ती नदीत नको, हेच तू म्हणाली होतीस ना? आणि मी विसर्जनाच्या दिवशी, मंडळाच्या भर हॉलमध्ये, ऐंशी माणसांसमोर, तुला म्हटलं की मला धर्म शिकवू नकोस, पुन्हा घरात पाऊल टाकू नकोस.

आता जे लिहिते ते बाबांनाही माहीत नाही. त्या विसर्जनानंतर महिन्याभराने मी फिरायला गेले होते. आपली मूर्ती बंधाऱ्याला अडकलेली होती, अर्धी, रंग गेलेली. मी मान खाली घालून घरी आले आणि गप्प बसले. तू बरोबर होतीस, हे मला जवळजवळ तीन वर्षं ठाऊक आहे. येत्या रविवारी मंडळाची मीटिंग आहे. शाडूची मूर्ती आणि टबात विसर्जन, असा ठराव मी मांडतेय, आणि बंधाऱ्यावरचंही सांगणार आहे, त्याच ऐंशी माणसांसमोर. फक्त माफी मागायला तू समोर हवीस. ये गं.

तुझीच हट्टी,
आई