कळवतो म्हणाले

५ जानेवारी, सोमवार

काल सुरगाण्याहून परत. मी आणि मैत्रीण शालू, जीपमध्ये सगळ्यात मागे, मांडीवर पाट आणि उपरण्याची पिशवी. घाटात कंबरेचे सगळे सांधे मोजून घेतले.

प्रयोग पडला. बायका लाख चांगल्या, नागलीचे पापडही बांधून दिले. पण हसल्या नाहीत. ‘कळवतो’चे प्रयोग करायला लागून दोन वर्षं होतील. सदुसष्ट वर्षांची कुमारिका स्टेजवर एकटी येते, तरुणपणी बघून गेलेली स्थळं एकेक करून दाखवते, आणि प्रत्येक जण जाताना तेच म्हणतो, ‘कळवतो.’ एवढ्यावर नाशकात हॉल उसळतो. इथे मी पाटावर मान खाली घालून बसले, तर सगळ्या अशा गप्प, जणू माझ्या घरचं कुणी गेलंय.

नंतर एक म्हातारी जवळ आली. “बाई, पोरीला नाय इचारीत, त मग इचारतात कुनाला?”

म्हटलं, तिच्या बापाला.

“मग बापाचाच लगीन लावायचा ना.”

त्यावर मात्र सगळ्या हसल्या. माझ्या दीड तासात जे जमलं नाही ते तिनं एका वाक्यात केलं. शा. म्हणते हे प्रयोगात घे. घेईन. पण कुठे बसवू ते कळेना.

७ जाने., बुधवार

सकाळीच धाकटा भाऊ दत्ता आला. चपला काढायच्या आधीच बोलायला लागला, म्हणजे काहीतरी मोठं.

मृणूचं ठरतंय. मुलगा निखिल, अंबडला तिच्याच कंपनीत. दोघांचं दोघांनी ठरवलं, आता घरच्यांनी होय म्हणायचं तेवढं बाकी. ऐकून डोळे भरले. माझी पोर ती. दत्ताची असेल कागदोपत्री, पण परकर-पोलक्यापासून कॉलेजच्या ड्रेसपर्यंत सगळं माझ्या मशीनवर शिवलंय.

मग म्हणाला, “अक्का, स्थळ लासलगावचं आहे. कांद्याचे व्यापारी.”

मी कॅलेंडर बघितलं. सतराला प्र. लासलगावलाच आहे. महिला मंडळाचं हळदीकुंकू.

“तेवढा रद्द कर. साखरपुडा होईपर्यंत. तुझं ते कांद्याचं सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय.”

कांद्याचं म्हणजे पाचवं स्थळ. मी बावीसची. त्या बाजूचे एक व्यापारी मुलासाठी बघायला आले होते. हात उलटापालटा करून बघितला, चालायला लावलं, आणि आमच्या वडिलांना म्हणाले, “माल बरा आहे, पण गोल्टी आहे.” गोल्टी म्हणजे बारका कांदा, निवडून झाल्यावर ढिगाच्या तळाला राहतो तो. मी आतल्या खोलीत, दाराला कान लावून. आता त्यावर उपरणं गळ्यात टाकून स्टुलावर चढते आणि माझा मीच लिलाव पुकारते. सगळ्यात मोठा हशा त्याला. दोन-दोन मिनिटं थांबावं लागतं.

दत्ताला म्हटलं, बघते.

९ जाने., शुक्र.

मंडळाला फोन केला. अध्यक्षबाई म्हणाल्या, कार्यक्रमाचं सगळं सुनंदाताई बघतात, त्यांच्याशी बोला. लावला. सांगितलं, जमत नाही हो, तब्येत बरी नाही.

“काय होतंय?” इतक्या मायेनं विचारलं की खोटं पुढे रेटवेना. थंडीचं जरा, असं काहीतरी पुटपुटले.

“मग गरम पाण्याची सोय करते. आत्याबाई, तुम्ही यायचंच. आम्ही घरचे सगळे येतोय.”

आत्याबाई. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निखिलची आई. तिनंच ठरवलाय हा कार्यक्रम.

शा.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबवला नाही. “इंदे, तुला बघायला येतायत. नीट पावडर लाव.”

हसले मी. पण पावडरचा डबा शोधून ठेवला.

११ जाने., रवि.

मृ. आली. येताना गाजराचा हलवा आणला, म्हणजे काहीतरी मागायचं होतं. हिनंच मला पासष्टाव्या वर्षी त्या जोडीदार शोधायच्या ॲपवर घातलं होतं. फोटोसुद्धा तिनंच काढला, गच्चीत, उन्हाकडे तोंड करून. त्या भेटीगाठींवर प्रयोगाचा अर्धा भाग उभा आहे. दर प्र.ला पहिल्या रांगेत बसून शिट्टी वाजवणारी ती. आणि आज माझ्याकडे न बघता बोलत होती.

“आत्या, बाकी काहीही कर. ते कांद्याचं तेवढं लासलगावला नको.”

“सासरे रागीट आहेत का?”

“रागीट नाहीत गं. मनात धरतात. बोलत नाहीत, पण धरतात.” मग हळूच, “मला निखिल हवाय, आत्या.”

हवाय. असं तोंडानं म्हणते ही. आमच्या वेळी हे वाक्य कुणाच्या जिभेवर आलं नाही. ऐकून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. हो म्हटलं. डोक्यावर हात ठेवून म्हटलं, काढून टाकते.

१३ जाने., मंगळ.

देवळाली कॅम्प. जवानांच्या कुटुंबांपुढे प्र. निम्म्या बायका हिंदीवाल्या, मीही मधेमधे माझी मोडकीतोडकी हिंदी सोडते, त्यालाच त्या जास्त हसतात.

ॲपचा भाग रंगला. पहिल्याच भेटीत बी.पी.च्या गोळ्यांची डबी उघडून दाखवणारे गृहस्थ, प्रत्येक वाराचा वेगळा खण. “बघा, सोमवार रिकामा. म्हणजे मी नियमित आहे.” तिथे एक सरदारीणबाई खुर्चीवरून घसरायची राहिली.

पण कांद्याचं काढून टाकलं आणि मधला भाग बसला. चौथ्या स्थळावरून सहाव्यावर गेले तर पायरी चुकल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्ये शा. म्हणाली, “ब्लाऊजचा एक टक्स शिवायचा सोडलास तू. अंगावर बसेल कसा?”

माझ्याच धंद्याचं मलाच ऐकवते.

१५ जाने., गुरु.

काल संक्रांत. आज सुलभा तीळगूळ घेऊन आली. दत्ताची बायको, बोलायला गोड पण सरळ.

“वन्सं, राग मानू नका. घर कसं आहे ते ते लोक तुमच्यावरून ठरवणार.”

“माझ्यावरून का? मी तर कुणाच्या घरात नाही.”

“म्हणूनच.”

ती गेल्यावर मशीनवर बसले. पायाला काम दिलं की डोकं जरा थांबतं. आज नाही थांबलं. दोरा तीनदा तुटला.

१७ जाने., शनि. सकाळी

आठची बस. निफाडच्या बाजूला थंडी मरणाची आहे म्हणतात. स्वेटर, पाट, उपरणं, पाण्याची बाटली. स्टूल घेतलं नाही. लिलावच नाही तर स्टूल कशाला.

मृ.चा मेसेज : देवासमोर दिवा लावलाय.

१८ जाने., रवि.

काल लिहायला बसले आणि वही मिटली. आज क्रमानं लिहिते, नाहीतर डोक्यात गुंता होईल.

हॉल खच्चून भरलेला. पुढे बायका, मागे भिंतीला धरून थोडे पुरुष. सुनंदाताई पहिल्या रांगेत. पन्नाशी ओलांडलेली, ठसठशीत कुंकू, हसताना तोंडावर पदर धरणारी. त्यांचे यजमान सगळ्यात मागे, दाराजवळ, पांढरी टोपी. शेजारी निखिल. शा.नं मंडळातल्या एकीला विचारून विंगेतून एकेक दाखवून दिले.

पहिली चार स्थळं व्यवस्थित. हशा येत होता. चौथं संपवून मी सहाव्यावर उडी मारली, आणि मधल्या रांगांतून आवाज आला, “ओ ताई, कांद्याचं राह्यलं.” दुसरी म्हणाली, “आमच्या गावात येऊन कांद्याचंच करत नाय होय?” सगळा हॉल तेच धरून बसला. मी पाणी प्यायले. बाटली संपेपर्यंत प्यायले.

तेवढ्यात सुनंदाताई उठल्या. मला वाटलं, आता बायकांना गप्प बसवतील. त्या पायऱ्या चढून वर आल्या, पदर सारखा केला आणि पाटावर बसल्या. माझ्या जागेवर.

“विचारा मला,” म्हणाल्या.

आता काय करावं. मी उपरणं गळ्यात टाकलं.

“नाव काय, मुली?”

“कोणतं सांगू?” हॉल हसला. त्या हसल्या नाहीत. “लग्नात तांदळात लिहिलं ते सुनंदा. त्याच्या आधी मी मथुरा होते.”

“शिक्षण?”

“दहावी. शाळेत पहिली आले होते.”

यापुढे माझ्याकडे ठरलेला प्रश्न होता, स्वयंपाकाचा. तो तोंडात आलाच नाही. ती सुरगाण्याची म्हातारी आठवली. मी उपरणं काढलं आणि विचारलं, “मथुराताई, मुलगा पसंत आहे का?”

कुणाच्या तरी मांडीवरचं मूल रडलं, तेवढंच.

“तेव्हा कुणी विचारलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर नाही म्हणाले असते. पुढे शिकायचं होतं मला.”

पांढऱ्या टोपीकडे बघायचा धीर होईना.

“आणि आता?” हे का विचारलं मी, देव जाणे. वाक्य पुरं करायची जुनी खोड.

त्यांनी मान वर केली. सरळ शेवटच्या रांगेकडे बघितलं, दाराकडे. आणि पहिल्यांदा पदर तोंडावर न धरता हसल्या.

“आता विचार करून कळवते.”

असा हशा माझ्या आयुष्यात मी ऐकलेला नाही. काही बायका रडत होत्या, हसता हसता की कशा, कळत नव्हतं. त्या गोंधळात मागून एकीनं हाक मारली, “शेठ, तुम्ही पण सांगा की, गोल्टी का एक नंबर?”

सगळ्या माना मागे वळल्या. शेठ उठले. टोपी नीट केली. निखिलनं हात धरला तो सोडवला आणि दाराबाहेर गेले.

पुढचा ॲपचा भाग कसा केला आठवत नाही. गोळ्यांच्या डबीत मंगळवार विसरले.

हळदीकुंकवाला सुनंदाताईंनी मला कुंकू लावलं. म्हटलं, “ताई, माझ्यामुळे...”

“तुम्ही फक्त विचारलंत,” एवढंच. वाण म्हणून स्टीलची वाटी हातात ठेवली.

लग्नाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी.

आज अमावस्या. आज काही निरोप यायचा नाही, हे तरी बरं.

२० जाने., मंगळ.

दत्ता फोन उचलत नाही. सुलभानं उचलला, “त्यांना बरं नाही” म्हणाली आणि ठेवला.

मृ. ऑफिसातून थेट इकडे. मला वाटलं भांडेल. खुर्चीत बसून राहिली. निखिल म्हणाला म्हणे, घरी आई-बाबा दोघंही बोलत नाहीत. जेवायला वाढतात, जेवतात. त्यानं आईचं माहेरचं नाव कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आता तिला काय हाक मारावी तेही त्याला कळेना.

“तू शब्द दिला होतास, आत्या.”

“कांद्याचं मी केलं नाही गं.”

“तेच केलं असतंस तर परवडलं असतं.”

मग दोघीही हसलो, फार नाही. जाताना तिनं दारात मागे वळून विचारलं, “त्यांनी नाही म्हटलं तर?”

एवढी स्थळं झाली, पण निरोपाची वाट दुसऱ्या कुणासाठी कधी बघितली नव्हती. स्वतःसाठी बघणं सोपं होतं, हे आता कळतंय.

२२ जाने., गुरु. दुपार

दारात पिकअप थांबली. ड्रायव्हरनं खांद्यावरून गोणी उतरवली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली. लासलगावची.

“कुणी पाठवली?”

“शेठनी.”

“काय म्हणाले?”

“काय नाय. म्हणले, त्या कार्यक्रमवाल्या बाईंकडं टाक.” पाणीसुद्धा न पिता गेला.

कांदे. वास सांगतोय. हल्लीची जाळीची गोणी नाही, जुनं जाड बारदान, आत बारीक की मोठे ते दिसत नाही. चाचपून बघितलं, कळत नाही. चिठ्ठी नाही.

शा.नं सगळ्यांना फोन केले. घटकाभरात दत्ता सुलभाला घेऊन हजर, इतके दिवस न बोललेला. “अपमान आहे हा. गोल्टी भरून पाठवली असणार. परत धाड.”

सुलभा म्हणाली, “अहो, नकार द्यायला कुणी गोणीभर कांदे घालवतं का? व्यापारी माणूस तो. एक नंबर भरला असेल, म्हणजे होकार.”

शा. म्हणाली, “बायकोबद्दलचं उत्तर असेल, तर ते हिच्याकडे कशाला? घरी द्यावं की.”

मृ. ऑफिसातून आली आणि गोणीवर बसली, लहानपणी रुसल्यावर माझ्या मशीनवर बसायची तशी. निखिलला फोन लावला. त्याला गोणीचं काही माहीत नाही. एवढंच म्हणाला, आज सकाळी बाबांनी आईला चहा मागताना हाक मारली. कोणत्या नावानं, ते त्याला नीट ऐकू आलं नाही.

सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, जरा चहा घ्या, आणि इथे लिहायला बसले.

गोणीचं तोंड मशीनवर शिवलंय. अशा शिवणीचं एक बरं असतं. भलत्या टोकानं ओढलं तर गाठ बसते आणि कात्रीच लावावी लागते. नीट टोक सापडलं तर एका ओढीत सगळी उसवते.

मृ. उठून उभी राहिली आहे. “उघड, आत्या,” म्हणते.

टोक सापडलंय. धरलंय.