मंजुळेने तुळशीची कुंडी धरली

ममताताई,

उठलीस की अंगणातल्या कुंडीकडे बघ, पण लांबूनच. आपली सरडी मंजुळा उजाडल्यापासून आईच्या तुळशीखाली खड्डा खणतेय. तिला अंडी घालायचीत. मी बादलीभर ओली वाळू दिली होती, ती पसंत पडली नाही. मध्येच हलवलं तर अंडी पोटात अडकून ती दगावेल, असं गुरांचे डॉक्टर म्हणाले. उपाय विचारला तर म्हणे, "म्हैस असती तर आलो असतो."

आई लोणखेड्यात नव्या घरासमोर उभी आहे. तुळस आधी आत गेल्याशिवाय ती सामान उतरवू देणार नाही. फोनवर ओरडली, "सरडीसाठे मी दारमा उभी ऱ्हाऊ का?" मला "हो" म्हणायचं धाडस झालं नाही. टेम्पोबरोबर तुळशीची एक फांदी घेऊन जातोय. चालली तर चालली.

तू कुंडीला हात लावू नकोस. नवव्या महिन्यात तुला तांब्यासुद्धा उचलायचा नाही. शेजारच्या सुंदरकाकू सोबतीला येतील. त्यांना अंगण झाडू देऊ नकोस.

दाजींना दोनदा फोन लावला, उचलत नाहीत. मंजुळेच्या नवऱ्याचाही पत्ता नाही, तरी ती खणतेय. हे विनोद म्हणून लिहिलं होतं. आता खोडत बसायला वेळ नाही, टेम्पोवाला हॉर्न देतोय.

संध्याकाळी जीप घेऊन येतो. तोवर दोघींपैकी कुणाचंही सुरू झालं तर लगेच फोन कर. मला दोन्हींतलं काहीच येत नाही, पण मी येईन.

हेमराज