रिपोर्ट नॉर्मल हाय

समृद्धीचे पप्पा,

भाकरी टोपल्यात हाय, कालवण तेवढं गरम करून घ्या. मी जुन्नरला कानाचं मशीन लावून बघायला चाललीय.

काल कडबाकुट्टीच्या आवाजात मढच्या पावण्यांनी काय इचारलं ते मला कळलं न्हाई, तर तुमी त्यांच्यापुढंच म्हणालात, "रिपोर्ट नॉर्मल हाय, ही मुद्दाम करती." अवो, ती तपासणी बंद खोलीत झाली. तिथं मला बारीक आवाज बी येतो. गोंगाटात शब्द कळत न्हाईत, ह्यो माझा तरास हाय. तपासणाऱ्या बाईंना ते पटलं, त्यांनीच आज बोलावलंय.

आज जाणार हे मी कवापासून सांगतीय. तुमी ऐकलंच न्हाई, म्हणून लिहून ठिवलं. तुमचं कान तर नॉर्मल हायेत ना?

हिरा