वरील इसमास मी ओळखतो

ता. ३

आजपासून मी वकिलाच्या ऑफिसातला माणूस. भिंगरीने, म्हणजे माझ्या मुलीच्या मुलीने, सकाळी दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि मला खाली रस्त्यावर उभं करून वरून ओरडून विचारलं, की आजोबा, सरळ आहे का बघ. सरळ नव्हती. डावीकडे बोटभर खाली होती. पण तिचा चेहरा इतका फुलला होता, की मी म्हणालो सरळ आहे. आता जाता-येता ती पाटी मला टोचणार.

जागा तशी ऐसपैस. खाली शिंपीणबाईंचं दुकान, वर आम्ही. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि लोकांसाठी बाक, आत भिंगरीची खोली, आणि मागे आमची दोघांची राहण्याची सोय. आलेल्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं आणि फायली शिवायच्या, एवढंच माझं काम. मी सातवी शिकलेला, पण चाळीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात गेली, त्यामुळे दाभण आणि दोरा हातात बसलेला आहे. ही वहीसुद्धा मीच बांधली.

बायको गेली, पाठोपाठ कारखाना बंद झाला. मुलगी-जावई परमुलखात, फोनवर खुशाली विचारतात. ही मात्र स्वतः येऊन मला गाठोड्यासारखं उचलून घेऊन आली. लहानपणी हिला मीच सांभाळलं. म्हणाली, तू नुसता बाहेर बसून राहा, लोकांना वाटेल ऑफिसात कुणीतरी पिकलेलं आहे.

ता. ७

अजून एकही अशील नाही. भिंगरी शांत आहे, काळजी मी करतो. पाटी वाकडी म्हणून तर नाही? जिना अंधारा म्हणून? शिंपीणबाई म्हणाल्या, आजोबा, वकील आणि शिंपी, दोघांकडे माणूस काहीतरी फाटल्यावरच येतो, जरा फाटू तरी द्या. भिंगरी हसून हसून बेजार. मला नीट हसू आलं नाही.

दुपारी जेवताना तिने कॉलेजातल्या सगळ्या गमती सांगितल्या. ती मला सगळं सांगते. आईला नाही सांगत, मला सांगते.

ता. १०

आज पहिला अशील आला. माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा, कपडे स्वच्छ. चेहरा मात्र आत्ता लिहायला बसलो तर आठवत नाही, आणि चांगला तासभर समोर होता.

पहिलीच वेळ म्हणून भिंगरीने मलाही आत बसवलं. फार छान केलं तिने. आधी त्यांना नीट बसू दिलं, मग वही उघडली, मग म्हणाली, की सगळं सांगा, तुमच्या विरुद्ध जाणारंही सांगा, मी मध्ये बोलणार नाही. ते म्हणाले, की त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांत, कित्येक वर्षं दुसराच कुणी राहतो आहे. त्यांना आपली जागा परत हवी. कागद मात्र एकही नाही.

भिंगरी म्हणाली, आधी तुम्ही कोण हे शपथेवर लिहून द्यावं लागेल, आणि त्याखाली तुम्हाला ओळखणाऱ्या एका माणसाची सही लागेल. ते म्हणाले, ओळखणारं कुणी उरलं नाही. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, मी तुम्हाला ओळखत नाही, तेव्हा ओळखते असं लिहिणं माझ्या कामात बसत नाही, माफ करा. ते उठले. तिने वही मिटली आणि लहानपणी पेन्सिलीचं टोक मोडलं की व्हायचा तसा तिचा खालचा ओठ झाला.

मला राहवलं नाही. म्हणालो, मी ओळखतो यांना. आमच्या कारखान्यात होते.

भिंगरीने माझ्याकडे रोखून पाहिलं. म्हणाली, आजोबा, नक्की ना? ही शपथ आहे, गंमत नाही. मी म्हणालो, अगं नक्की. तिने सांगितलं तसं मी लिहिलं: वरील इसमास मी व्यक्तिशः ओळखतो. खाली सही केली.

ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, ओळख ठेवलीत, बरं झालं.

एवढ्याशा खोट्याने पोरीचं काम सुरू झालं. असो.

ता. १२

ते आज पुन्हा आले. या वेळी मधलं दार बंद. दोन तास.

जेवताना मी सहज विचारलं, काय म्हणतात? भिंगरी म्हणाली, अशिलाने सांगितलेलं वकिलाच्या पोटातच राहतं, घरच्यांनाही सांगायचं नसतं. मी म्हणालो, मग मी घरचा की बाहेरचा? ती म्हणाली, रुसू नकोस रे. मी रुसलो नाही. जेवण कमी गेलं एवढंच.

ता. १५

रोज येतो. 'ते' वगैरे आता मला लिहवत नाही.

आत दोघं हसतात. खटल्यात हसण्यासारखं काय असतं? आज भिंगरीने चहा आत मागवला आणि त्याला माझ्या कपात दिला. मी म्हणालो, तो माझा कप. ती म्हणाली, अरे हो, माझ्या लक्षातच नाही आलं. पण बदलला नाही. मी खालून शिंपीणबाईंचा कप आणून त्यात प्यायलो.

त्याची फाईल शिवायला मागितली, तर ती म्हणाली, त्यांनीच शिवली. टाके बघितले. सारख्या अंतराचे, गाठ आतल्या बाजूला. मी घालतो तसे. माझ्याहून सुबक.

ता. १८

वाईट केलं, पण केलं. बंद दाराला कान लावला.

तो भिंगरीला तिच्याच लहानपणाची गोष्ट सांगत होता. ती पाच वर्षांची असताना कारखान्यात आली आणि खळीच्या पिंपात तिने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. खळ वाळून बोटं एकमेकांना चिकटली, तेव्हा ती रडायला लागली, की आता माझी दोनच बोटं राहिली. मग त्याने घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिचे हात धुतले आणि एकेक बोट सुटलं तसं मोजून दाखवलं.

त्याने! हात मी धुतले होते. ही गोष्ट मी आणि ती, दोघांशिवाय कुणालाही माहीत नाही.

एक चूक त्याने केली. घमेलं निळं होतं म्हणाला. ते पांढरं होतं, कडेला टवका उडालेलं. भिंगरी लगेच दुरुस्त करील म्हणून मी वाट बघत राहिलो. ती म्हणाली, हो हो, निळं. आणि हसली. माझ्याशी हसते तशी.

ता. १९

सकाळपासून डोळे मिटून ते घमेलं आठवतो आहे. निळंच दिसतं.

आणि मी घमेल्याजवळ नाही. मी दारात उभा आहे. कुणीतरी पाठमोरा वाकून पोरीचे हात धुतो आहे.

ता. २०

दाभणाने अंगठ्यावर पडलेला घट्टा गेला. चाळीस वर्षांचा. कातडं बाळासारखं मऊ.

त्याला आज पाणी द्यायला गेलो. पेला घेताना त्याचा अंगठा पुढे आला, त्यावर घट्टा. पाहिला. पेला माझ्या हातून सुटला. तो म्हणाला, सांभाळून. भिंगरीने आधी त्याच्या कपड्यांवरचं पाणी पुसलं.

खाली गेलो. शिंपीणबाईंनी मशीन थांबवून विचारलं, कुणाकडे आलात? थट्टा करतात नेहमी. मी हसलो. त्या नाही हसल्या.

ता. २१

भिंगरीला सगळं सांगून टाकलं. की मी खोटी सही केली, या माणसाला मी ओळखत नाही, कधी पाहिलेलाही नाही, तुझं मन मोडू नये म्हणून लिहून दिलं. तो चोर आहे, माझं एकेक करून उचलतो आहे, त्याला घालव.

ती ऐकत राहिली. मध्ये बोलली नाही. मग उभी राहिली आणि म्हणाली, म्हणजे समोरची बाजू तुम्ही.

तुम्ही. जन्मात तिने मला तू सोडून काही म्हटलेलं नाही.

म्हणाली, मला तुमच्याशी या कामाबद्दल बोलता येणार नाही, मी त्यांची वकील आहे. तुम्ही दुसरा वकील बघा. आवाज गोड होता. परक्या म्हाताऱ्याशी बोलतात तसा. मी तिचा हात धरायला गेलो, तर ती मागे सरकली, घाबरून. मी तिला घाबरवलं. मी.

ता. २२

बाकावर आहे. मागच्या खोलीला आतून कडी. माझे कपडे, औषधं आत. दोन ताटं वाढल्याचा आवाज आला —

बायकोचा आणि माझा फोटो खिशात असतो. काढला. तिच्या शेजारी तो उभा. त्याचा चेहरा आता चांगला लक्षात राहतो. माझा — आरसा कुठे आहे इथे —

बायकोला मुलगी झाली तेव्हा मी कुठे होतो? लिहून ठेवावं म्हटलं. दारात होतो. सगळीकडे दारातच —

ता. २३

भिंगरीने बाहेर येऊन सांगितलं, की तुम्ही रोज इथे बसू नका, आमच्या आजोबांना त्रास होतो. दया आली असावी तिला. पाणी दिलं. कागद आणि पेन हवं तर घ्या म्हणाली, कुणाला कळवायचं असेल तर. कुणाला —

मागचे दिवस वाचले. अक्षर माझं वाटतं. पण आत टेबलावर त्याने लिहिलेला कागद आहे, तेही हेच —

मी तिला मोठं केलं. मी. घमेलं पांढरं. पांढरं. टवका उडालेलं —

दुपार

तो झोपला असावा. आत चप्पल वाजते. ती एकटीच. दार उघडते आहे. हाक मारते आहे, आजोबा, अशी. माझ्याकडे बघून की मागे बघून, कळत नाही. उठतो. ओ देतो. त्याच्या आधी मी ओ दिली, तर पोर माझ्याकडेच —

तिच्या मागे आत खुर्ची सरकली. ओ म्हणायला तोंड उघडलं आहे आणि आवाज