सुहासची बोंब

सोमवार, २० फेब्रुवारी २००६
भाईंदर पूर्व

घोटा अजून चुरचुरतोय.

सुहास आत्ता येऊन गेला. चहापण घेतला नाही. काल रायगडातल्या डोंगरात जी ओढ्याची गुहा बघितली, तिचा नकाशा मी काढतोय, हे त्याला माहीत होतं. म्हणाला, "बाकी काय हवं ते लिही, पण ते नाव टाकू नकोस यार. ऑफिसात झेरॉक्स फिरतील."

आमच्या ऑफिसातल्या भटक्या ग्रुपचा रिवाजच आहे. अरुंद जागेत जो पहिला ओरडेल, त्याचं नाव त्या जागेला. काल वरचा कातळ पाण्याला टेकायला आला, तिथे सुहास ओरडला. त्याने माझा घोटा धरून मला मागे खेचलं आणि लहान पोरासारखा रडला. बाहेर आल्यावर सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. त्याच्यासमोरच पेन उघडलं आणि लिहिलं, सुहासची बोंब. मान खाली घालून गेला. मजा आली, खोटं कशाला बोलू?

मग बायको नकाशा बघायला आली. हिला नसत्या चौकशा फार.

"ह्याच्या पुढे काय आहे?"

"पुढे कोणी गेलंच नाही."

"तू तर सुहासच्या पुढे होतास ना?"

होतो. खांदे अडकले होते, नाकातोंडात पाणी जात होतं. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घोट्यावर त्याच्या नखांचे ओरखडे आहेत. त्याने खेचलं नसतं तर...

नाव खोडणार नाही. खोडलं तर तिथे माझं लिहावं लागेल.