खोलून बंद करणारी

बुवापाडा, अंबरनाथ
ता. ३ जुलै १९९६

पोरीचं काय चाललंय ते विचारायचं होतं तर मला विचारायचं होतंस. दौलतरावाला कशाला विचारलंस? तो माझ्या दारासमोर राहतो, माझ्या घरात राहत नाही. आमच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच त्याला दिसतं, आणि खिडकीला पडदा आहे. तू त्याला लिहिलंस, त्यानं तुला लिहिलं, आणि मग मला तुझं पत्र आलं की विशाखाला त्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून काढ, चौदा तारखेला मी येऊन तिला जबलपूरला घेऊन जातो, इथे तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलंय. आपल्या आईकडे शेजाऱ्याच्या घरावरून वळसा घालून येणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिला नाही. हे आधी लिहून टाकलं, कारण पोटात ठेवून मला पुढचं लिहिता आलं नसतं. आता रीतीचं लिहिते.

प्रिय शंकर, तुला, वृंदाला आणि धाकट्या दोघांना जयभीम. माझी तब्येत ठीक. गुडघा दुखतो, पण तो तुझ्या बदलीच्या आधीपासून दुखतोय, त्यात बातमी काही नाही. पाणी दिवसाआड येतं. बदलीच्या वेळी माझ्याकडे ठेवून गेलास ती तुझी पोरगी बारावी झाली आणि तिला मार्क किती पडले ते तुला ठाऊकच आहे, त्यावर तू मला दोन पानं लिहिली होतीस. मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला त्या मार्कांत लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही. माझे काना-मात्रा चुकतील ते नीट करून वाच.

आता ते दुकान. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आहे, टेकचंद नावाच्या सिंध्याचं. तिथे पोरं तासावर गेम खेळतात आणि लोकांचे बिघडलेले गेम दुरुस्तीला येतात. विशाखाला तिथे मी पाठवलं नाही, तू पाठवलंस. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आलास तेव्हा धाकट्यांसाठी तिथूनच टीव्हीला लावायचा गेम घेतलास. आठ दिवसांत तो बंद पडला. तू म्हणालास, फेकून दे, आणि गाडीत बसून गेलास. तिनं फेकला नाही, खोलला. चार दिवस माझ्या पोळपाटावर त्याची आतडी पसरलेली होती. पाचव्या दिवशी तो चालू झाला, तो टेकचंदला दाखवायला गेली तर त्यानं तिलाच दुरुस्तीचं काम दिलं, आणि तेव्हापासून माझ्या घराला शांतता नाही. चहाच्या बशीत स्क्रू, तांदळाच्या डब्यात स्क्रू. बोललं की म्हणते, आजी, टेन्शन नको घेऊ, मोजलेले आहेत. मी म्हटलं, मोजलेले आहेत तर एक माझ्या दाताखाली कसा आला.

दौलतराव मला पण सांगून गेला होता की तिथे मुलं असतात. म्हणून मी आठ दिवस तिच्याबरोबर रिक्षानं गेले आणि दुकानात बसले. टेकचंदनं स्टूल दिलं, अम्मा म्हणाला, चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू दे, मी बघायला आलेय. पुढे सहा टीव्ही, प्रत्येकासमोर दोन पोरं, हातात रिमोट. मागे पडदा, पडद्यामागे टेबल, टेबलाशी तुझी पोरगी मान खाली घालून. त्या पोरांच्या पाठीला आग लागली तरी त्यांना कळणार नाही, मागे मुलगी बसलीय हे कुठून कळणार? आठ दिवसांत एकानं मान वळवली, ती पण लाईट गेली म्हणून.

आठ दिवस बसायचं म्हटल्यावर गेम बघणं आलंच. बघितले, आणि माझं मत विचारशील तर डोक्याला ताप आहे. एका खेळात एक बुटका माणूस सारखा उजवीकडे पळतो. डावीकडे त्याचं काय वाकडं झालंय कोणाला माहीत नाही. वाटेत खड्डा आला की उडी मारायची, पडला की मेला. त्याला तीन जीव देतात. माणसाला तीन जीव मिळाले तर तो दुसऱ्या जिवाला तरी बघून चालेल की नाही? हा तिन्ही एकाच खड्ड्यात घालवतो. दुसऱ्या एका खेळात प्लॅस्टिकची बंदूक टीव्हीवर रोखून पाखरं मारायची. मारलं तरी खायला मिळत नाही, मग मारायचं कशाला. आणि त्या गेमच्या डब्यावर लिहिलेलं असतं, आत नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ. मी एका दुपारी बसून बघितलं. सात आहेत. तेच सात कपडे बदलून पुन्हा येतात. टेकचंदला म्हटलं, तर तो हसून म्हणाला, अम्मा, गिनता कौन है. मी गिनती केली ना, म्हटलं.

हातात धरून खेळायचा तो ब्रिक गेम मात्र मला तिनं घरी आणून दिला. म्हणाली, टेस्टिंगला हवंय कोणीतरी. मी रोज दुपारी खेळते, पण रागानं खेळते. बदलापूर गावाच्या पुढे मी सहा वर्षं भट्टीवर विटा थापल्या, वाहिल्या, रचल्या. या खेळात वरून वीट पडते, वेडीवाकडी, ती फिरवून खाली बसवायची. एक ओळ सगळी भरली की ती गायब होते. भोकं राहिली की तेवढीच राहतात आणि डोक्यावर चढत जातात. म्हणजे चांगलं केलेलं काम दिसायचं नाही, चुका तेवढ्या शेवटपर्यंत दिसत राहणार. ज्यानं हा खेळ काढला तो मुकादम असला पाहिजे. मी त्याची बटणं इतकी दाबली की रबर फाटलं, आणि विशाखा मला म्हणाली, आजी, हळू, हे गिऱ्हाइकाचं आहे.

सिनेमाचं तर बोलायलाच नको. भंगारातला एक व्हीसीआर तिनं चालू केला, तेव्हापासून रविवारी कॅसेट येते आणि अर्धी चाळ आमच्या घरात येते, दौलतराव पहिल्या रांगेत. हिंदी सिनेमात आई शिवणयंत्र चालवते आणि पोरगा इन्स्पेक्टर होतो. त्या शिवणयंत्राला कोणी तेल घातलेलं मी कधी बघितलं नाही. आणि प्रत्येक सिनेमात एक चुगली करणारा असतोच. तो बाईबद्दल एक वाक्य सांगतो आणि पुढे दोन तास सगळं घर ते वाक्य घेऊन फिरतं. बाई तिथेच उभी असते, तिला तोंड असतं, पण तिला विचारायला एक माणूस जात नाही. शेवटच्या दहा मिनिटांत खरं कळतं आणि सगळे रडतात. तिथे मी उठून पाणी प्यायला जाते. रांगेतली माणसं म्हणतात, म्हातारे, आता तर खरी मजा आहे. मला नाही बघवत.

त्यापेक्षा ते जपानी कार्टून परवडलं. टेकचंदकडे कुठून तरी त्याच्या कॅसेटी येतात, भाषा कोणालाच कळत नाही, त्यामुळे दौलतराव समजावून सांगू शकत नाही, हा पहिला फायदा. तोंड एवढंसं आणि डोळे बशीएवढे, रडायला लागली की बादली भरेल. एकात पाच जण आपापली यंत्रं जोडून एक मोठा पुतळा बनवतात आणि गाव वाचवतात. आमच्या चाळीत पाच जण मिळून पाण्याची मोटर दुरुस्त करत नाहीत. पण एक गोष्ट मला पटली. त्यात भात शिजताना दाखवतात. झाकण हलतं, वाफ येते, बाई बोट भाजून घेते. आपल्या सिनेमात ताट आयतं समोर येतं, जसं काही जमिनीतून उगवलं. विशाखा म्हणते, आजी, तिकडे काम करताना माणूस नीट दाखवतात. ते तिनं बरोबर सांगितलं.

आठव्या दिवशी मी टेकचंदला सरळ विचारलं, हिला कशासाठी ठेवलंय. पोरगी आहे, स्वस्तात पडते म्हणून? त्यानं टेबलाखाली बोट दाखवलं. मग म्हणाला, अम्मा, लडके सब खोलते है. ये खोलके बंद भी करती है. मी त्याच्या टेबलाखाली बघितलं. पोरांनी खोललेल्या आणि तशाच टाकलेल्या गेमची टोपली भरून होती. मी स्टुलावरून उठले आणि घरी आले, पुन्हा बसायला गेले नाही. हे दौलतरावानं तुला लिहिलं का? नसेल लिहिलं. तो रस्त्यावरून बघतो, आत येत नाही.

आता गंगूचं सांगते. मे महिन्यात तुझी बहीण वांगणीहून दोन दिवस आली होती. ती वर्षातून दोनदा येते, खाटेच्या कडेला बसते, विचारलं तेवढं बोलते. तिचं वाईट चाललंय असं नाही. नवरा पीत नाही, हात उचलत नाही, भाताची शेती आहे, पोरं कामाला लागली. त्या दुपारी ती खाली बसून तांदूळ निवडत होती आणि विशाखा शेजारी एक हातातला गेम खोलून बसली होती. आतली केसाएवढी वायर जागेवर धरत नव्हती. तिनं तीनदा सोल्डर केलं, तीनदा सुटली. चौथ्यांदा ती शिवी द्यायच्या बेतात होती तेवढ्यात गंगूनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि तिच्या हातातून सोल्डरिंगची गन घेतली. टोक ओल्या फडक्याला पुसलं, वायर नखानं दाबली, एकदा टेकवलं, फुंकर मारली. बसली वायर. गेम वाजायला लागला. विशाखा बघतच राहिली. म्हणाली, आत्या, हे तुला कोणी शिकवलं? गंगूनं गन जिथून उचलली होती तिथे ठेवली आणि म्हणाली, आधण आलं असेल बघ. आणि आत गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. तेव्हापासून विशाखा माझ्यामागे आहे की आत्याला हे कसं येतं. मी तिला सांगितलं, लग्नाआधी ती एमआयडीसीत रेडिओच्या कंपनीत होती, सात महिने. सातच का, म्हणाली. त्याचं उत्तर मी तिला दिलं नाही, तुला देते, कारण ते तुला माहीत आहे.

सत्तर साली बातमी आणणारा दौलतराव नव्हता, तू होतास. चौदा वर्षांचा होतास. धापा टाकत आलास आणि म्हणालास, ताई कंपनीच्या गेटवर एका माणसाशी हसत उभी होती. मी तुझा दोष धरत नाही, पोरं दिसलं ते सांगतात. मी पस्तिशीची होते, तुझे बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आणि मला लोकांच्या तोंडाची भीती वाटली. मी तिला एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर पाठवलं नाही, दोन महिन्यांत लग्न लावून दिलं. या मे महिन्यात ती परत निघाली तेव्हा रिक्षात बसता बसता मी विचारलं, गंगू, तो माणूस कोण होता. ती म्हणाली, कोण माणूस? मला नाही आठवत. सव्वीस वर्षांनी तिच्या हाताला काम आठवलं, आणि ज्याच्यापायी ते गेलं तो माणूस आठवला नाही. त्यानंतर मी दीड महिना गप्प बसले, तुझं पत्र आलं नसतं तर अजून बसले असते. या पाकिटात आयटीआयचा फॉर्म आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा. विशाखानं आणला, भरला, आणि खाली वडिलांची सही लागते हे वाचून गादीखाली सरकवला. मला चादर बदलताना सापडला. मी तो घेऊन ऑफिसात गेले, म्हटलं, सही मला येते, मी करते. खिडकीतला माणूस म्हणाला, वडील हयात आहेत ना आजी, मग त्यांचीच लागेल. वीस तारखेला मुदत संपते. मी हा तुला पाठवलाय हे तिला माहीत नाही. तू चौदाला ये, स्थळ तिकडेच राहू दे, सही करून फॉर्म घेऊन ये. पण त्याआधी तिला लिहून विचार की तू तिथे काय करतेस, आणि ती काय सांगते ते पुरतं वाच. मला उत्तर नको. आणि तुझ्या नावानं येणारी पत्रं वृंदा लिहिते, तिचं अक्षर मला ओळखता येतं, या वेळी तिच्या हातात पेन देऊ नकोस. तू स्वतः लिहायचं, आणि पाकिटावर विशाखाचं नाव घालायचं.

तुझीच,
आई