सुखीबाई कुठे बसल्या होत्या

१९७४ सालच्या मे महिन्यात, माहूरला जाताना, घाटंजीच्या बसस्टँडवर आम्ही दोघांनी एक टरबूज फोडून खाल्ले. चाकू नव्हता. माझे पती डोंगरसिंग यांनी ते ओट्याच्या कडेवर आपटले आणि निम्मा रस धोतरावर सांडून घेतला. मग बी कोण लांब उडवतो याची पैज लागली. ती सुखीबाईंनी जिंकली.

वरच्या पहिल्या वाक्यात ‘दोघांनी’ हा शब्द चुकून लिहिला गेला आहे. तो खोडून ‘तिघांनी’ असे वाचावे. खाडाखोड मला मान्य आहे. – इं. डो. आडे.

वकील पुंडलिकराव म्हणाले, “ताई, पान नव्याने लिहा. मृत्युपत्राच्या पहिल्याच ओळीत खोड बरी दिसत नाही.” मी ती तशीच ठेवली आहे. ही चूक मी कित्येक वर्षे करत आले, आणि हा कागद मुख्यतः तिच्याबद्दलच आहे.

मी, इंदुमती डोंगरसिंग आडे, वय सत्तावन्न, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते या कागदात लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. मला कोणी दटावलेले नाही आणि गोड बोलून वळवलेलेही नाही. उजवा हात कापतो, म्हणून अक्षर वाकडे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. पतीच्या पश्चात माझ्या नावावर झालेले राहते घर मुलगा ओम आणि मुलगी राखी यांना निम्मे-निम्मे मिळावे. मात्र माझ्या नणंद सुखीबाई हयात असेपर्यंत घर विकू नये. मागची खोली त्यांची आहे, आणि त्यांचे येणे-जाणे पुढच्या दाराने राहील. पाहुणे आले की मागच्या दाराने या, असे मी त्यांना कधी सांगितले नाही. त्या आपणहून तसे करू लागल्या. मी थांबवले नाही.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे असेल ते सुखीबाईंच्या औषधपाण्याला लावावे. उरेल ते मुलांनी न भांडता वाटून घ्यावे.

कलम ३. डोंगरसिंग कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ढाणकीपासून झरी जामणीपर्यंत दर हंगामात त्यांची बदली होई. सरकीवरून धागा ओढून तो ज्यावर ठेवून लांबी पाहत, तो काळा मखमलीचा तुकडा कपाटात आहे. तो ओमला द्यावा. माणसाचा वर्षभराचा घाम एका चिमटीत बघून त्याची प्रत ठरवण्याचे काम बापाने कसे केले, हे त्याने कधीतरी विचारात घ्यावे.

कलम ४. शेजारच्या रामीबाईंनी नेलेली पितळी कढई परत मागू नये; ती मी त्यांना आजच देऊन टाकली आहे. मी ती मागायला दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा तिच्यातलीच भाजी खाऊन आले.

कलम ५. माझ्या हातची चाळीस जलरंगातली चित्रे. यांच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझे वडील तांड्यातले पहिले शिक्षक. त्यांनी मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवले. तिथे सातवीत ‘माझे घर’ असे चित्र काढायला सांगितले होते. मी बिस्किटाच्या डब्यावरचे घर काढले: लाल कौले, दारात गुलाब, छत्री घेतलेले दोघेजण. आमच्या घरात नऊ माणसे होती. मला पहिले बक्षीस मिळाले. आपली माणसे वगळली की बक्षीस मिळते, हे मी तेव्हा शिकले. शिकवणाऱ्या सिस्टरांचा यात काही दोष नाही. त्यांनी घर विचारले होते, डबा नाही.

लग्नानंतर दर मे महिन्यात, हंगाम संपला की, आम्ही फिरायला निघत असू. माहूर, चिखलदरा, भेडाघाट, हैदराबाद, जगन्नाथपुरी. सुखीबाई प्रत्येक वेळी बरोबर असत. पतीच्या त्या थोरल्या बहीण; ते त्यांना ‘बाई’ म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई वारल्यावर डोंगरसिंगांना त्यांनीच वाढवले. पहिल्या प्रवासाला बस सुटताना त्या भावाला म्हणाल्या, “आपले बापजादे बैलावर मीठ लादून मुलूख फिरले रे डोंगऱ्या. तिकीट काढून फिरणारा तूच पह्यला!” पुरीला समुद्राचे पाणी जिभेला लावून पाहिले आणि म्हणाल्या, “एवढं मीठ इथं फुकट पडून हाय. मंग आपल्या लोकाईनं बैलं कायले मारले?” डोंगरसिंग हसून हसून वाळूत बसले.

त्या आमच्या बंजारा समाजाचा जुना पेहराव घालत: फेटिया म्हणजे घेरदार घागरा, आणि काचळी, म्हणजे आरसे लावलेली चोळी. मी साडी नेसत असे. घरातली गोरबोली, म्हणजे आमची बंजारा भाषा, मी बंद केली होती, मुलांचे मराठी बिघडेल म्हणून. माझ्याशी त्या वऱ्हाडीत बोलत. ती कुठे आणि कशी शिकल्या, हे मी कधी विचारले नाही.

१९९८ च्या सुमारास कापसाचे दिवस फिरले. आधी एका तांड्यातून, मग दुसऱ्या गावातून वाईट बातम्या येऊ लागल्या. त्या मे महिन्यात मी पेटी काढली, तर डोंगरसिंग म्हणाले, “या वर्षी नाही. ज्याईचा कापूस म्या खालच्या प्रतीत टाकला, त्याईच्या दारावरून पेटी घेऊन यष्टीले जाऊ का?” त्यानंतर आम्ही कुठेच गेलो नाही.

तेव्हा मी जुने प्रवास आठवून रंगवू लागले. आठ वर्षे रंगवले. दुपारी ते समोर बसत, चहा घेत, आणि आठवण करून देत: त्या स्टेशनचा नळ उजवीकडे होता, त्या घोड्याला एक कान नव्हता. मी सगळे दुरुस्त करत गेले. घोड्याचा कानसुद्धा. चित्रात मात्र आम्ही दोघेच. एकदा त्यांनी विचारले, “बाई कुठं हाय वं?”

मी म्हणाले, “कागदावर जागा नाही उरली.”

“यष्टीत त जागा होती.”

“पुढच्या चित्रात काढते.”

त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी पुढच्यात काढले नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. कोणाला दाखवायची वेळ आली तर शाळेतल्या मैत्रिणींना तो घागरा दिसेल, एवढेच कारण होते. दुसरे कारण शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडले नाही.

२००६ साली कापूस पट्ट्यातल्या मुलींच्या वसतिगृहाला मदत म्हणून आम्ही माजी विद्यार्थिनींनी यवतमाळला प्रदर्शन भरवले. माझी चाळीसही चित्रे लागली. वर पाटी होती: ‘दोघांची वाट’. पाटीही मीच रंगवली होती. डोंगरसिंग सुखीबाईंना घेऊन आले. त्या एकेका चित्रापुढे उभ्या राहत चालल्या. मी लांबून पाहत होते. वाटले, त्यांना चित्रातले काय कळणार.

भेडाघाटच्या धर्मशाळेचे एक चित्र होते. डोंगरसिंग भिंतीला आरसा टेकवून दाढी करत आहेत, आणि त्यांच्या गालावर, भिंतीवर उन्हाचे बारीक गोल ठिपके पडले आहेत. ते सगळ्यांना आवडले. नागपूरच्या एका वर्गमैत्रिणीने विचारले, “हे ठिपके कशाचे गं?” मी म्हणाले, “खिडकीबाहेर कडुलिंब होता. त्याच्या पानांतलं ऊन.” सुखीबाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

परतीची बस आर्णी रोडला लागली, तशा सुखीबाई खिडकीकडे सरकल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “त्या धरमशाळेच्या खिडकीबाहीर झाड नोतं. बुटकी भिंत होती.”

मी तिकिटे घडी करून पर्समध्ये ठेवू लागले.

“ते मायी काचळी होती. मी खिडकीत बसून वेणी घालून राह्यलती. डोंगऱ्या म्हणे, बाई, हलू नको, डोये दिपते.”

त्यानंतर तीन वर्षे त्यांनी हा विषय काढलेला नाही. डोंगरसिंग पुढच्याच वर्षी गेले. आरशांचा उजेड मला इतक्या वर्षांनीही बिनचूक आठवत होता. तो मी नवऱ्याच्या गालावर ठेवला आणि उजेड घालणारी बाई पुसली. त्यांना खिडकीत बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे मी विसरले, असेही मला म्हणता येत नाही.

पती वारल्यावर मी तीन चित्रांत सुखीबाईंना घालून पाहिले. जलरंग वाळल्यावर त्यावर दुसरा रंग चढत नाही, त्याचा चिखल होतो. तिन्ही चित्रांत चेहरा काळवंडला. सुखीबाई चहा घेऊन आल्या, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “कोन हाय हे? मी? एवढी काळी नाही ना वं मी!” आणि हसल्या. मी ब्रश धुऊन ठेवला. आता हात कापतो, म्हणून तो प्रश्नही मिटला.

म्हणून या कलमात मी आधी असे लिहिले होते: चाळीसही चित्रे सुखीबाईंना द्यावीत. त्यांनी ती ठेवावीत, पेटीच्या तळाला अंथरावीत किंवा चुलीत घालावीत. ओमला या चित्रांचे पुस्तक छापायचे आहे, ते छापू नये. आणि माझ्या पश्चात हे कलम राखीने सुखीबाईंना मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ६. वरची शेवटची चार विधाने रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

पुंडलिकरावांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला. मी विचारले, “सुखीबाईंनाच साक्षीदार घेतलं तर?” ते म्हणाले, “ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीला बसू नये, ताई. कटकट होते.” मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, “पण ऐकायला बसायला काही हरकत नाही. आणि हे राखीनं कशाला वाचायचं? तुमच्या तोंडाला काय झालं?”

मला राग आला. घरी येईपर्यंत तो टिकला नाही.

परवा, सहा तारखेला, दुपारी तीन वाजता, अंगणात, सुखीबाई तूर पाखडत असताना मी कलम ५ पहिल्यापासून वाचले. कॉन्व्हेंटमध्ये वाचनाची बक्षिसे मिळवलेली मी, प्रत्येक ओळीला अडखळत होते. त्यांनी सूप थांबवले नाही. वाचून झाल्यावर खडे वेचत म्हणाल्या, “मले माहीत होतं ना वं. बसमदीच सांगितलं तुले. एवढं लांबलचक कायले लिवलं?”

मी म्हणाले, “लाज वाटते म्हणून.”

“लाज वाटे म्हणून मले काढलं नाही. आता लाज वाटते म्हणून सगळेच मले देऊन राह्यली. तुह्या लाजंचा पसारा मी कुठं ठेवू? मायी एकच खोली हाय.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तुह्या शाळंतल्या पोरींले मी दिसली असती, त काय झालं असतं?”

मी खूप विचार केला. “काही नाही,” म्हणाले.

“हं,” त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या. क्षमेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही मागितलेली नाही, मागायचे तोंड नव्हते. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून चित्रे काढून मागितली, पलंगावर मांडली, आणि एकेक दाखवून सांगू लागल्या: इथं मी होती, इथं मी पाणी आणाले गेलती, इथं मले ताप होता. मी प्रत्येक चित्राच्या मागे लिहून घेतले. दोन दिवस लागले. काही ठिकाणी त्यांनी मलाच दुरुस्त केले. वाटणी त्यांच्या शब्दाने ठरली आहे. ती अशी:

चित्र २६, हैदराबाद स्टेशन, डोंगरसिंग जोडे उशाला घेऊन बाकावर झोपलेले. हे एकच चित्र सुखीबाईंना द्यावे. त्या म्हणाल्या, “मी मले कायले पाह्यजे? मले माहा भाऊ पाह्यजे.” याला काच लावू नये, त्यांना हात फिरवता आला पाहिजे.

चित्रे १ ते २५, ओमला. पुस्तक छापायचे तर छापावे, पण प्रत्येक चित्रासमोर मागचा मजकूर जसाच्या तसा छापावा. नाव ‘दोघांची वाट’ ठेवू नये. चिखल झालेली तीन चित्रेही याच पंचविसात आहेत. ती गाळू नयेत.

चित्रे २७ ते ३९, राखीला. त्यातले ३१ वे, पुरीचा समुद्र, तिने दिवाणखान्यात लावावे. मागे लिहिले आहे: सुखीबाई डावीकडे, गुडघाभर पाण्यात, फेटिया वर धरून. त्यांच्या मिठाबद्दलच्या बोलण्यावर हसणारे डोंगरसिंग चित्रात आहेत. पाहुण्यांनी ते कशाला हसत आहेत असे विचारले, तर उलटून दाखवावे.

रंगांची पेटी आणि ब्रश राखीला. सिस्टरांनी दिलेला खारीच्या केसांचा बारीक ब्रश त्यात आहे. तो कोरडा ठेवू नये.

चित्र ४०, पोहरादेवी, १९९७, आमचा शेवटचा प्रवास. चढाच्या वाटेवर आम्ही दोघे थांबून हसत आहोत. सुखीबाई पुढे चालत होत्या. मागे वळून त्या काहीतरी म्हणाल्या, त्यावर आम्ही हसलो. काय म्हणाल्या ते मला आठवत नाही. परवा मी विचारले, तर म्हणाल्या, “तुले नाही सांगत.” हे चित्र राखीचे होईल, पण सुखीबाई तेव्हा काय म्हणाल्या ते तिने त्यांच्याकडून काढून घेऊन, मागच्या कोऱ्या जागेत त्यांच्याच शब्दांत लिहिल्यानंतर. तोपर्यंत ते सुखीबाईंच्या खोलीत राहील. सुखीबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. माझ्या मरणाची वाट न पाहता राखीने या उन्हाळ्यातच यावे.

हा कागद मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

इंदुमती डोंगरसिंग आडे

साक्षीदार:
१. पूनमसिंग लालसिंग चव्हाण, निवृत्त मुख्याध्यापक, घाटंजी
२. रामीबाई उकंडा मेश्राम, शेजारी, घाटंजी

ठिकाण: घाटंजी, जिल्हा यवतमाळ
दिनांक: ८ मार्च २००९